गोडं वाढू की तिखट?

आमच्या घरात कमी तिखट जेवणाला चांगला शब्दच नव्हता. सपक, मिळमिळीत, पाणचट, फिकं, आजाऱ्याचं. होते ते सगळे शब्द नावं ठेवणारे. तिखटाची मात्र चंगळ होती. झणझणीत, चमचमीत, ठसकेबाज. एखादी आमटी जमली असं म्हणायचं तर "आज जाळ झालीय" म्हणायचे आणि तो शब्द कौतुकाचा असायचा. मला लहानपणी याचं नवल वाटे. जे खाऊन नाक-डोळे वाहतात ते चांगलं कसं, आणि जे मुकाट पोटात जातं ते वाईट का, हे मला कुणीतरी नीट सांगावं असं फार वाटायचं.

आम्ही पंचवटीत, भाजीबाजारापासून दोन गल्ल्या आत, एका घराच्या पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, सरकारी कचेरीत कारकून होते. आई, थोरला भाऊ, मी, आणि अण्णांची मोठी बहीण म्हणजे आमची आत्या. आत्या तरुणपणीच विधवा झालेली. तिचं आणि अण्णांचं गाव सटाण्याकडचं. त्यांची आई लवकर गेली तेव्हा अण्णा सात-आठ वर्षांचे होते. आत्यानं त्यांना वाढवलं, शिक्षणासाठी नाशकात आणलं, नोकरीला लागेपर्यंत चार घरी पोळ्या लाटल्या. त्यामुळे घर अण्णांचं असलं तरी त्या घराची चव आत्याची होती. तिला अण्णा आणि आई दोघंही अक्का म्हणत.

ही चव एका बरणीत असायची. होळी झाली की आत्या वर्षाच्या काळ्या मसाल्याच्या मागे लागे. गच्चीवर मिरच्या वाळत पडायच्या. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी लवंगी, आणि लवंगी नेहमी जास्त. कांदा चिरून उन्हात कडक करायचा, खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, धणे, दगडफूल, तमालपत्र, आणखी कायकाय. मग सगळं घेऊन ती कांडपाच्या गिरणीत स्वतः बसे. दुसऱ्या कुणाचा मसाला आपल्यात मिसळू नये म्हणून तिथून हलायची नाही. परत आली की तिच्या भुवया तांबड्या झालेल्या असायच्या आणि आम्ही ती जवळ आली तरी शिंकायचो.

स्वयंपाक सगळा आई करायची. पीठ, भाकरी, फोडणी, भात, सगळं. पण आमटीला उकळी आली की ती बाजूला सरायची आणि आत्या बरणी घेऊन यायची. मसाल्याचा चमचा तेवढा आत्याच्या हातातला. हे कुणी ठरवून दिलेलं मला आठवत नाही. देवाला फूल वाहावं तसं ती दोन चमचे घालायची, मग पातेल्यात बघायची आणि बहुतेक वेळा तिसरा घालायची.

अण्णा जेवायला बसताना खांद्यावर पंचा घ्यायचे. बाजरीची भाकरी कुस्करून तिच्यावर तर्रीचा रस्सा घेतला की तिसऱ्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम यायचा. ते पुसायचे आणि म्हणायचे, "वा, अक्का." त्यांच्या तोंडून निघणारी ही एवढीच स्तुती आणि ती आत्याला पुरत असे. मुलांना पाच-सहा वर्षांची होईपर्यंत दूधभात मिळायचा. मग एक दिवस ताटात रस्सा यायचा. माझा तो दिवस मला आठवतो. जीभ पोळली, मी गूळ मागितला, भाऊ हसला. आईनं गुळाचा खडा हातावर ठेवला.

मी विचारत सुटले होते. अण्णांना विचारलं, "तिखट का खायचं?" ते म्हणाले, "त्याशिवाय चव लागत नाही." आत्या म्हणाली, "अंगात रग येती. सपक खाणारी माणसं बघ, बोलताना पण हळू बोलतात." आईला विचारलं तर ती म्हणाली, "जेव आधी."

मी पाचवीत असताना एका दुपारी अण्णांना टांग्यातून घरी आणलं. बरोबर कचेरीतले दोघं होते. अण्णांचा चेहरा राखेसारखा झालेला. कचेरीत त्यांना उलटी झाली होती आणि तिच्यात काळसर काहीतरी पडलं होतं. चार दिवस ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितलं की जठरात व्रण झालाय. मग आईला आणि आत्याला समोर बसवून ते म्हणाले, "तिखट बंद, मसाला बंद, उपाशीपोटी चहा बंद. सौम्य जेवण द्या."

आत्यानं विचारलं, "सौम्य म्हंजे?"

"कमी तिखटाचं."

"म्हंजे सपक," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसले. आत्या हसली नाही. तिनं घरात पाऊल टाकलं, बरणी उचलली, फडताळात अगदी वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे मीच माझ्या भावाला आजारी पाडला."

आई म्हणाली, "असं कुठं म्हणाले ते? रिकाम्या पोटी दहा दहा चहा पितात, डबा तसाच परत आणतात. तेही म्हणाले ना डॉक्टर."

"चहा काय मी नाय करत. मसाला मी करते."

दोन दिवस घरात मसाला पडला नाही. तिसऱ्या दिवशी भावानं ताट सारलं आणि विचारलं, "अण्णा आजारी आहेत, आम्ही कशाला आजाऱ्याचं खायचं?" तेव्हापासून दोन पातेली झाली. कल्हईच्या मोठ्या पातेल्यात आम्हा सगळ्यांचं, जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या धाकट्यात अण्णांचं. मोठ्यात आत्याचा मसाला. धाकट्यात काय पडतं याच्याकडे आत्या ढुंकूनही बघायची नाही. ते सगळं आई करायची, आणि मला आठवतंय, अण्णांसाठी पहिल्यांदा आमटी करताना तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही. जिरं, लसूण, हिरव्या मिरचीचा एकच तुकडा आणि तोही वाढताना काढून टाकायचा, आमसूल, गुळाचा एवढासा खडा, वर कोथिंबीर. हात जणू आधीच शिकलेला होता. मला हे तेव्हा नुसतं दिसलं. त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही.

आता रोज पान वाढताना आई विचारायची, "कुठलं वाढू?" साधा प्रश्न, पण आमच्या घरात तो सोपा नव्हता. आत्या शेजारी बसलेली असली की मी "मोठ्यातलं" म्हणायचे. अण्णा एकटे जेवत असले आणि त्यांचा चेहरा उतरलेला असला की मी त्यांच्याजवळ बसून "धाकट्यातलं" म्हणायचे. भाऊ कायम मोठ्यातला. मला काय आवडतं हे मी स्वतःला विचारल्याचं आठवत नाही. मी बघायचे की कुणाकडे बघून कोण काय मागतं.

राहिली आई. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, त्यामुळे तिच्या पानात काय असतं हे कुणीच बघत नसे. मला ते बघावंसं वाटलं याचं कारणही तसं किरकोळ होतं. एकदा संध्याकाळी मी दोन्ही पातेली घासायला घेतली तर मोठ्याच्या तळाशी वाडगाभर रस्सा तसाच होता आणि धाकटं मात्र चाटूनपुसून स्वच्छ. अण्णा तर हल्ली जेमतेम वाटीभर जेवत होते.

शनिवारी आमची शाळा सकाळची असायची. त्या शनिवारी साडेअकरालाच सुटली. मी जिना चढून आले तर आत्या नदीवर गेलेली, भाऊ बाहेर, अण्णा कचेरीत. स्वयंपाकघरात आई एकटी जेवत होती. तिची पाठ माझ्याकडे. पुढ्यात धाकटं पातेलं. भातावर आमटी घेऊन ती जेवत होती, पण आम्ही कधी बघितली नाही अशी. सावकाश. प्रत्येक घासानंतर थोडं थांबत होती. मग तिनं पातेलं तिरकं करून उरलेली आमटी वाटीत ओतली आणि वाटी तोंडाला लावली.

"आई, तू अण्णांचं खातेस?"

ती दचकली. वाटी खाली ठेवली. "उरलं होतं. संपवायला घेतलं."

"मोठ्यात पण उरलंय."

"दप्तर ठेव, हातपाय धू," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. आई ओशाळली की तिचे कानच तेवढे लाल व्हायचे.

त्या मे महिन्यात आई मला घेऊन माहेरी गेली. भाऊ अण्णांसोबत राहिला. आईचं माहेर घोटीजवळच्या एका खेड्यात. मामाची भाताची शेती. घोटीकडचे सगळे कमी तिखट खातात असं मुळीच नाही. मामाच्या शेजारच्या घरातल्या ठेच्यानं मी एकदा रडले आहे. पण आईच्या माहेरात रीत वेगळी होती. त्याचं कारण मामालाही माहीत नव्हतं. "आपल्यात पहिल्यापासून असंच हाय," तो म्हणायचा.

याआधीही मी तिथे गेले होते, पण जेवणाकडे लक्ष देण्याचं वय नव्हतं. या वेळी पहिल्याच दुपारी मामी वाढायला आली आणि तिनं विचारलं, "गोडं वाढू की तिखट?"

मी म्हटलं, "आधी गोड कशाला? शेवटी खाते."

मामी इतकी हसली की तिला पळी खाली ठेवावी लागली. तिनं मला पातेलं दाखवलं. त्यात वरण होतं. पिवळं, वर जिऱ्याची फोडणी. "हे गोडं. गोडाधोडातलं नाय. तिखट नाय म्हणून गोडं."

मी दिवसभर तो शब्द तोंडात घोळवला. गोडं वरण हे लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं होतं, पण ते त्या एका वरणाचं नाव आहे एवढंच मला वाटे. इथे अख्ख्या जेवणाला तो शब्द होता. गोडी आमटी, गोडं पिठलं, गोडी भाजी. ज्याला आमच्या घरी पाच-सहा शिव्या होत्या त्याला आईच्या घरी एक लाडाचं नाव होतं. मी मामीला विचारलं, "मग आईला आमचं तिखट कसं चाललं?"

मामी सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं दाराकडे बघून घेतलं, आई विहिरीवर गेली होती. मग हात न थांबवता तिनं सांगितलं.

आईला बघायला अण्णा आणि आत्या आले होते. मामी तेव्हा या घरात नुकती आलेली, दाराआड उभी. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं, आणि आत्यानं विचारलं, "आमच्यात तिखट लय लागतं. चालतं ना?"

"तुझी आई म्हणाली, 'हो, मला आवडतं.' मला दाराआड ठसका लागला. जिनं जन्मात मिरचीला हात लावला नाय ती म्हणती आवडतं!"

लग्नाला दीड महिना होता. दुसऱ्या दिवसापासून दुपारची निजानीज झाली की आई मागच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. हातात चतकोर भाकरी आणि एक मिरची. पहिल्या दिवशी अर्धीच खाल्ली आणि पोट धरून बसली. मामी धावत दूध घेऊन गेली तर तिनं घेतलं नाही.

"पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवायची," मामी म्हणाली. "म्हणायची, तिथं प्रत्येक घासाला पाणी मागितलं तर कळंल त्यांना. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण तांब्याला हात नाय. मग एकीच्या दोन झाल्या. हळदीच्या आदल्या दिवशी तीन खाल्ल्या. डोळ्यांत टिपूस नाय. मला म्हणाली, वहिनी, झालं माझं."

मी उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. साधी दगडी पायरी. समोर पेरणीसाठी भाजून काळी केलेली भाताची खाचरं, पलीकडे डोंगर. मी कितीतरी वेळ तिथे बसून डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होते, माझी आई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनीच मोठी, आणि मिरचीचा अभ्यास करते आहे.

विहिरीवरून आई आली. कळशी उतरवून ती माझ्याजवळ टेकली. मी एकदम विचारलं, "तू खोटं का बोललीस आत्याशी?"

मामीनं सांगितलं हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती चिडली नाही. पदरानं मान पुसत म्हणाली, "तुझे अण्णा पोहे खात होते. मी पाणी द्यायला गेले तर हळूच म्हणाले, 'तुम्हीही घ्या ना थोडे.' बघायला आलेला माणूस असं कधी म्हणत नाही गं. मला आधी तिघं बघून गेले होते, कुणी म्हणालं नव्हतं. मला वाटलं, या घरात जावं. आणि तेवढ्यात अक्कांनी विचारलं. हो निघून गेलं तोंडातून."

"मग नंतर सांगायचं."

"नंतर म्हणजे कधी? पहिल्या दिवशी त्यांनी कौतुकानं ठेचा वाढला. तेव्हा सांगू? महिन्यानं? मूल झाल्यावर? एकदा हो म्हटलं की रोज थोडं थोडं हो म्हणावं लागतं."

"त्रास नाही झाला?"

"झाला पहिल्या वर्षी. मग झाली सवय." मग कळशी जवळ ओढत ती म्हणाली, "अक्कांना सांगू नकोस. त्यांना वाटेल मी फसवलं."

मी शपथ घेतली आणि ती दिवाळीच्या आधीपर्यंत पाळली. माझ्या दृष्टीनं तो फार मोठा काळ होता.

दिवाळीच्या अगोदरच्या एका रविवारी आत्याचा चुलतभाऊ आणि त्याची बायको सटाण्याहून आली. नाशकात त्यांचं काही काम होतं. दुपारी मटणाचा रस्सा केलेला. आत्या कितीतरी महिन्यांनी खुशीत होती. बरणीतून तिनं चार चमचे घातले होते. पंगत बसली. पाहुण्यानं अण्णांच्या वाटीतलं पिवळं वरण बघितलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "काय रे भाऊ! बायकोनं पार मिळमिळीत करून टाकला तुला!"

आई वाढत होती. ती वाढत पुढे सरकली. पण आत्या बोलली. ठसक्यात. "तिला काय बोलू नका. डॉक्टरनं सांगितलं म्हणून ती करती. नायतर आपल्याहून तिखट हाय ती. लग्न होऊन आली त्या दिवशी ठेचा वाढला मी, हूं नाय की चूं नाय. मी तेव्हाच म्हटलं, ही आपलीच. तिखट खाणारी जन्मालाच यावी लागती, शिकून येत नाय ते."

आता यात आईची बाजूच घेतलेली होती. गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं काही कानावर आलं की मला राहवायचं नाही, वर्गातही मी त्यासाठी बोलणी खायचे.

"येतं शिकून," मी म्हटलं. "आई शिकली. लग्नाआधी मागच्या पायरीवर बसून रोज मिरच्या खायची. त्याआधी तिनं कधीच खाल्लं नव्हतं."

आत्याचा घास घेतलेला हात ताटावर तसाच राहिला. पाहुणा हसला आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. अण्णा आईकडे बघत होते. आईच्या हातात भाताचं भांडं होतं. तिनं ते शांतपणे खाली ठेवलं, "भाकरी आणते," म्हणाली आणि आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मला कुणी रागावलं नाही, तेच जास्त वाईट होतं. पाहुणे गेले. संध्याकाळी अण्णा आईला म्हणाले, "मला तरी सांगायचंस." मग स्वतःच म्हणाले, "मी तरी कुठं विचारलं." आत्या तेव्हापासून कामापुरतंच बोलत होती. दोन दिवस आमटीला उकळी आली की आई बाजूला सरायची, आत्या यायची, दोनच चमचे घालायची आणि जायची. तिसरा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात बसून शुद्धलेखन लिहीत होते. आई स्टोव्हला पंप मारत होती. आत्या आली आणि पाटावर बसली. तिच्या हातात बरणी नव्हती.

"चौदा वर्षं?" तिनं विचारलं.

आई म्हणाली, "हो."

"रोज?"

"रोज म्हणजे... सवय झाली होती अक्का. अगदी रोज काही वाटायचं नाही."

"मी विचारलं होतं तुला. सरळ विचारलं होतं."

"तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हणाले. मग परत नाही कसं म्हणायचं?"

आत्यानं नजर स्टोव्हच्या जाळाकडे वळवली. मला वाटलं आता ती रागावणार. मी पेन्सिल थांबवून बघत होते. ती म्हणाली, "मला तर वाटायचं, तू आलीस ते बरं झालं. नायतर माझ्या भावाला कोणी तिकडची सपक खाणारी मिळाली असती तर माझ्या हातचं कोणी खाल्लंच नसतं. मग मी या घरात कशाला?"

आई पंप मारायची थांबली. मला त्या वयात त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. आईला लागला. तिनं उठून धाकट्या पातेल्यावरचं झाकण काढलं, पळीभर आमटी वाटीत घेतली आणि आत्यापुढे ठेवली. "बघा तरी."

वर्षभर ते पातेलं घरात होतं आणि आत्यानं त्यातला एक थेंबही चाखला नव्हता. तिनं वाटीत बोट बुडवलं. मग वाटीच तोंडाला लावली. आम्ही दोघी बघत होतो.

"आमसूल घातलंय."

"हो."

"जिरं भाजून?"

"तळहातावर चोळून. भाजून नाही."

आत्यानं आणखी एक घोट घेतला. "डाळीची चव लागती," ती म्हणाली. जसं काही डाळीला स्वतःची चव असते हे तिला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "पण सपकच शे." तिच्या बोलण्यात 'आहे'ऐवजी माहेरच्या बाजूचं 'शे' आलं की ती मनापासून बोलते आहे असं आम्ही समजायचो. आईला हसू आलं. आत्यालाही थोडं आलं, ते लपवत ती उठली आणि बरणी आणायला गेली.

त्या दिवसापासून आई आमच्याबरोबर जेवायला बसली असं काही झालं नाही. घरं इतकी पटकन बदलत नाहीत. पण ती आपल्या पानात धाकट्यातलं उघडपणे वाढून घ्यायला लागली. पुढच्या होळीनंतर मसाल्याची तयारी निघाली तेव्हा आत्यानं दोन ढीग केले. एक नेहमीचा. दुसऱ्यात तिनं बेडगी घातली आणि लवंगीची मूठ हातात धरून आईला विचारलं, "किती?"

आई म्हणाली, "नकोच."

"काहीच नाय? मग त्याला मसाला कोण म्हणंल?"

"पाच घाला."

"पाच! पाच काय मोजून घालायच्या?" दोघींची यावरून चांगली अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी किती पडल्या ते मला दिसलं नाही, कारण आत्यानं पाठ फिरवून घातल्या. त्या बरणीला तिनं झाकणाला पांढरी चिंधी बांधली. आईनं तो मसाला घालून केलेली वांग्याची भाजी आत्या पहिल्या दिवशी 'बघायला म्हणून' दोनदा वाढून घेऊन जेवली. आठवड्यातून एखादे वेळी ती असं बघायची.

अण्णा दोन-तीन वर्षांत बरे झाले. मग रविवारचा रस्सा, मग हळूहळू रोजचाच. अलीकडे डॉक्टर म्हणतात की असल्या व्रणाला मिरची काही मूळ कारण नसतं. ते ऐकून मला सगळ्यात आधी आत्याची आठवण झाली. ती तोवर गेली होती. ऐकून तिला किती आनंद झाला असता, आणि तिनं कितीजणांना बोलावून सांगितलं असतं. अण्णा बरे झाले तरी दोन पातेली राहिलीच.

पंच्याऐंशीच्या सुमारास मला इगतपुरीला एका शाळेत नोकरी लागली. तिथे मी रेल्वेतल्या एका कुटुंबाच्या घरात मागची खोली घेऊन राहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा एकटीसाठी स्वयंपाक करायचा होता. आत्यानं दोन्ही मसाले डब्यांत भरून दिले होते. पहिल्या संध्याकाळी डाळ शिजली, उकळी आली, आणि मी दोन डबे समोर घेऊन उभी राहिले. आजूबाजूला कुणीच नव्हतं. कुणाकडे बघून ठरवायचं? मला खरंच माहीत नव्हतं मला काय आवडतं. बावीस-तेवीस वर्षांच्या बाईला हे माहीत नसावं याचं मला हसू आलं, आणि थोडी भीतीही वाटली. शेवटी मी तशीच वरणासारखी आमटी जेवले, मसाल्याशिवाय. दुसऱ्या दिवशी काळा मसाला घातला. मग महिनाभर मी रोज बदलून बघत होते आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत होते. डाळ गोडी बरी. वांगं तिखट. पिठलं तिखटच. बटाटा कसाही. दमून आले असले तर गोडं, कुणाशी वाद झाला असला तर तिखट.

पावसाळ्यात आई तीन दिवस माझ्याकडे आली. इगतपुरीचा पाऊस म्हणजे दार उघडलं की खोलीत धुकं शिरायचं, कपडे आठवडा आठवडा वाळायचे नाहीत. मी तिच्यासाठी मुद्दाम सगळं गोडं केलं. गोडी आमटी, भात, दुधी. तांदळाची भाकरीही जमवली. तिच्या माहेरच्यासारखं पान वाढलं आणि बक्षीस मिळायची वाट बघत असल्यासारखी समोर बसले.

तिनं चार घास खाल्ले. "छान झालंय," म्हणाली. पाचव्या घासाला इकडेतिकडे बघितलं. मग जरा संकोचून म्हणाली, "ठेचा नाही का गं काही?"

"तुला ठेचा हवाय?"

"पाऊस किती आहे बाहेर. आणि..." तिचे कान लाल व्हायला लागले होते. "आवडतं गं मलाही. कधी कधी."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं काय? गोडं पण आवडतं. एकच काहीतरी आवडायला हवं का माणसाला?"

त्या दगडी पायरीवरच्या मुलीची मी मनात एक गोष्ट करून ठेवली होती आणि वर्षानुवर्षं आईला तिच्यात बसवलं होतं. सोसणारी, सपक खाणारी, आमच्या घरात मन मारून राहिलेली. तिला ठेचा आवडायला कधीपासून लागला, पाचव्या वर्षी की दहाव्या, की आत्यानं वाटीला तोंड लावलं त्या दिवसापासून, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काय माहीत. लक्ष नव्हतं."

घरात हिरव्या मिरच्या चारच होत्या. मी तवा ठेवला, त्या तेलावर भाजल्या, लसणाच्या पाकळ्या टाकल्या. खोलीत इतका ठसका उठला की आम्ही दोघी खोकायला लागलो आणि मला खिडकी उघडावी लागली. पाऊस आत आला. आई खोकत, हसत, पान मांडीवर घेऊन भिंतीकडे सरकली आणि म्हणाली, "मीठ घाल, आणि पाण्याचा तांब्या इकडे दे."